रोड सायकलची घरगुती बांधणी व पुनर्बांधणी (खानदेश)

फ्रेम, चाके, दातचक्रे, ब्रेक इत्यादी भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळवून घरीच सायकल उभी करणे, किंवा माळ्यावर वा गोठ्यात पडलेली जुनी सायकल पूर्ण उघडून पुन्हा रस्त्यावर आणणे. खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, या कामाचे दोन प्रवाह दिसतात. एक सळईच्या ब्रेकच्या काळ्या सायकलीच्या देखभालीचा, हा जुना. दुसरा खाली वळलेल्या हँडलच्या, गिअरच्या, लांब पल्ल्याच्या सायकलीचा, हा अलीकडचा. हत्यारे आणि हातचे कसब बव्हंशी सारखेच असते. फरक पडतो तो मापांत व आट्यांत, आणि घरी केलेले काम बहुधा तेथेच अडते. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत त्यांनाच अधिक जागा दिली आहे.

संज्ञा : जुन्या मराठीत सायकलीस ‘पायगाडी’ म्हणत, तो शब्द मागे पडला. ‘दुचाकी’ हा शब्द आता मुख्यतः मोटारसायकल व स्कूटर यांना लागतो. संपूर्ण सायकल उघडून, धुऊन, ग्रीस भरून पुन्हा जोडण्याला दुकानात व घरात ‘ओव्हरऑईल’ किंवा ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. या शब्दाचा संबंध काही जण ऑईलशी, म्हणजे तेल घालण्याशी, लावतात. इतरांच्या मते तो इंग्रजी ‘ओव्हरहॉल’चा अपभ्रंश आहे, हा मूळ शब्द जहाजावरील दोरखंड ढिले करून तपासण्याच्या कामातून आलेला. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. या कामात तेलाचा वाटा थोडा असून छर्रे व ते ज्यात फिरतात ते कप यांना ग्रीसच लागते. शिवाय ‘ओव्हर’ या पूर्वपदाचा उलगडा पहिल्या मताने होत नाही. मात्र ऑईलशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळेच शब्दाला आजचे रूप आले असावे. चाकाचा लचका काढण्यास ‘आऊट काढणे’ म्हणतात.

पूर्वपीठिका : स्वातंत्र्यापूर्वी सायकली प्रामुख्याने इंग्लंडमधून येत. खानदेशात भुसावळ, चाळीसगाव, धुळे, अमळनेर यांसारख्या रेल्वेच्या गावी त्या आधी पोहोचल्या असाव्यात. पुढे मद्रासची टीआय सायकल्स (१९४९), सोनीपतची अ‍ॅटलस (१९५१) व लुधियानाची हीरो (१९५६) या कंपन्यांमुळे देशी सायकल शेतकऱ्याच्या व दूधवाल्याच्या आटोक्यात आली. या सायकलींचा घाट इंग्रजी रोडस्टरचाच राहिला. नळ्या साध्या पोलादाच्या, सांधे सॉकेटचे व पितळेने डाकलेले. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०. पोलाद आणि पितळी डाक यांमुळेच या फ्रेमा तीन पिढ्यांनंतरही दुरुस्त होऊ शकतात, आणि ही त्यांची सर्वांत मोठी थोरवी आहे.

चाकाच्या मापाचा घोळ : काळ्या सायकलीचे चाक ‘अठ्ठावीस’चे, आणि नव्या रोड सायकलीच्या ‘सातशे’ चाकालाही बाजारात अठ्ठावीसच म्हणतात. परंतु काळ्या सायकलीच्या २८×१½ टायरची बैठक ६३५ मिमी. व्यासाची, तर ७००-सी टायरची ६२२ मिमी. असते. या १३ मिमी.च्या फरकामुळे एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. जुन्या दहा गिअरच्या सायकलींवर आढळणारे २७×१¼ हे तिसरे माप ६३० मिमी.चे आहे, आणि ते ७००-सी समजून घेतल्याने अनेकांचे पैसे वाया गेले आहेत. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत ‘४०-६३५’ किंवा ‘२८-६२२’ अशी जोडसंख्या असते. पहिला आकडा रुंदीचा व दुसरा बैठकीच्या व्यासाचा. विश्वास फक्त दुसऱ्यावर ठेवावा.

या मापांच्या उगमाविषयी एकवाक्यता नाही. फ्रेंच पद्धतीत ७०० म्हणजे हवा भरलेल्या टायरचा अंदाजे बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ए, बी, सी ही अक्षरे टायरच्या जाडीची. टायर जाड तितकी रिम लहान, म्हणून ए ६४२, बी ६३५ आणि सी ६२२. या हिशेबाने काळ्या सायकलीची रिम ही ७००-बी ठरते, आणि म्हणून काही जण तिचे मूळ फ्रेंच मानतात. उलट २८ इंचांतून दीड इंचाच्या टायरची दोन्ही बाजूंची जाडी वजा केली तर २५ इंच उरतात, आणि २५ इंच म्हणजे बरोबर ६३५ मिमी. इंचांचा हिशेब सर्वत्र जुळतो असे नाही. २७×१¼ ला तो लावल्यास ६२२ च्या आसपास उत्तर येते, प्रत्यक्षात माप ६३० आहे. तरीही ६३५ ची जुळणी इतकी नेमकी आहे की या एका मापापुरते इंग्रजी मूळ अधिक संभवनीय वाटते. दोन्ही पद्धतींतील आकडे पुढे अर्थहीन झाले, २८ मिमी. रुंदीच्या ‘सातशे’ टायरचा बाहेरचा व्यास जेमतेम ६७८ मिमी. भरतो.

जुन्या फ्रेमवर ६२२ ची चाके चढवताना ब्रेकचे रबर साडेसहा मिमी. खाली पोहोचावे लागते. सळईचा ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला लागतो, तर रिमच्या दोन्ही कडा चिमटीत धरणाऱ्या कॅलिपर ब्रेकला सपाट कडेची रिम हवी असते. म्हणून चाके बदलली की ब्रेकही बदलावे लागतात. टायर बारीक झाल्याने फ्रेम सुमारे १८ मिमी. खाली येते, आणि वळणावर पायडल जमिनीला लागण्याचा धोका वाढतो.

आटे : तळाच्या बी.बी.चे (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा एक्सल ज्यात फिरतो तो भाग) इंग्रजी माप १.३७ इंच व्यास, इंचाला २४ आटे, शेलची म्हणजे त्या भागाच्या आडव्या नळीची रुंदी ६८ मिमी. हे माप ‘बीएसए’ नावाने ओळखले जाते. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही १८६१ ची मूळची बंदुकांची कंपनी. भारतात बीएसए हे सायकलीचेही नाव असल्याने घोटाळा होतो. सायकलीवर बीएसएचा बिल्ला नसला तरी आटे बीएसएचे असू शकतात. उजवा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. डाव्या पायडलचेही आटे उलटेच. ही योजना लहरीने केलेली नाही. पायाच्या दाबाने फिरणारा भाग आपल्या बैठकीत किंचित उलट दिशेने सरकत राहतो आणि सरळ आट्यांचा कप हळूहळू ढिला करतो. दोन्ही बाजूंना सरळ आटे असलेल्या इटालियन फ्रेममध्ये उजवा कप सुटण्याची तक्रार म्हणूनच येते.

कृती : उघडण्यापूर्वी प्रत्येक भागाचा क्रम लिहून ठेवावा. कॉटर पिन, म्हणजे क्रँक एक्सलला जखडणारी पाचर, काढताना क्रँकखाली भक्कम आधार द्यावा, नाहीतर हातोड्याचा मार छर्र्यांवर बसून कपात खळगे पडतात. छर्रे सर्वसाधारणपणे बी.बी.त एका बाजूला पाव इंची ११, मागच्या हबमध्ये पाव इंची ९, पुढच्या हबमध्ये ३/१६ इंची १०. जुने व नवे छर्रे एकत्र करू नयेत. धुण्यासाठी पूर्वी रॉकेल वापरत, आता डिझेल वापरतात. कोन (छर्रे दाबून धरणारा शंकूसारखा नट) इतकाच आवळावा की एक्सल बोटांनी न अडखळता फिरेल आणि हलवल्यास खडखडणार नाही. हे बोटांना कळायला दोन-तीन सायकली जाव्या लागतात.

गिअर बसवायचे असल्यास मागचा चिमटा, म्हणजे मागचे चाक धरणारा फ्रेमचा भाग, रुंद करावा लागतो. एका गिअरच्या हबला साधारण ११० मिमी., पाच गिअरला १२०, सहा-सात गिअरला १२६ व त्यापुढे १३० मिमी. जागा लागते. पोलादाची फ्रेम सावकाश वाकवता येते. अ‍ॅल्युमिनियम व कार्बनची कधीही वाकवू नये. दोन्ही बाजू सारख्या उघडल्या का हे साध्या सुतळीने तपासतात : मागच्या एका टोकापासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणायची आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजायचे. दोन अंतरे सारखी आली की फ्रेम सरळ.

स्थानिक परिस्थिती : काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये घट्ट बसतो व तेथेच गंज धरतो, फ्रेम विकत घेताना मागच्या चिमट्याचा जोड प्रथम पाहावा. मे महिन्यात तापमान ४५° से.पर्यंत चढते. २५° से.ला १०० पौंड भरलेली हवा ४५° से.ला सुमारे १०८ पौंड दाखवते, म्हणून दुपारच्या प्रवासासाठी ती थोडी कमी भरणे हिताचे. पत्र्याच्या शेडमध्ये टायरचे रबर तडकते आणि सोल्युशनची नळी वाळते. बांधावरचे सराटे व वेड्या बाभळीचे काटे बारीक टायरला फार त्रास देतात. पंक्चर काढल्यावर टायर आतून बोटाने चाचपल्याशिवाय चाक बसवू नये.

तापीकाठच्या सपाटीला एक गिअर पुरतो, पण चाळीसगावहून कन्नडचा घाट किंवा शहाद्याहून तोरणमाळ चढायचा तर चित्र बदलते. काळ्या सायकलीला पुढे ४८ व मागे १८ दाते धरले तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ६ मीटर जाते. ३४ व ३२ दात्यांच्या जोडीने सव्वादोन मीटर. चढावर हाच फरक गुडघे वाचवतो. ब्रेव्हे प्रकारच्या, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या, प्रवासात २०० किमी.ला साडेतेरा तास व ३०० किमी.ला २० तास मिळतात. त्यासाठी बांधलेल्या सायकलीत वजनापेक्षा विश्वासार्हता पाहावी. रस्त्यात उघडता न येणारा भाग तिच्यात नसणे उत्तम.

जोडणी झाल्यावर पहिल्या ४०-५० किमी.त कॉटर आपल्या जागी बसतो व थोडा ढिला पडतो. घरी परतल्यावर तो पुन्हा ठोकून नट आवळावा. हे राहिल्यास पिनचा सपाट भाग झिजतो आणि प्रत्येक फेऱ्याला टक् असा आवाज येऊ लागतो. त्या वेळी पिन बदलावीच लागते.