युवा उत्सव आणि कॉलेज फेस्ट: शेजार एक, नाती दोन

इंदूरच्या होळकर सायन्स कॉलेजातली एक मुलगी आणि तिथल्याच एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजातला एक मुलगा रामबागेत एकाच वाड्यात राहतात आणि एकाच गुरुजींकडे गाणं शिकतात, असं समजा. तरीही विद्यापीठाच्या युवा उत्सवाच्या संघात ती दोघं कधीच एकत्र गाणार नाहीत. दोघांची समोरासमोर गाठ पडलीच तर ती पार वर, विद्यापीठ पातळीच्याही पुढे, दोन वेगळ्या विद्यापीठांचे कलाकार म्हणून. हीच दोघं सिमरोलला आयआयटीच्या ‘फ्लक्सस’ या फेस्टमध्ये मात्र नाव नोंदवून एकाच दुपारी एकाच मंचावर गाऊ शकतात.

पहिल्या वर्षाच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना हे कोडं वाटतं. दोन्हीकडे आसपासच्या कॉलेजांतली मुलं जमतात, गाणं, नाच, नाटक, वादविवाद, रांगोळी असते, बक्षिसं असतात. वरवर पाहिलं तर फरक फक्त झगमगाटाचा दिसतो. खरा फरक मुलगा तिथे कोण म्हणून जातो, यात आहे. युवा उत्सवात कॉलेज त्याला पाठवतं. फेस्टला तो स्वतः जातो. निवड, वय, वेळ, पैसा, प्रमाणपत्र, तक्रार कुणाकडे करायची, हे सगळं या एका गोष्टीतून निघतं.

युवा उत्सव हे घरचं कार्य आहे. त्यात भाऊबंद येतात, मग ते कितीही लांब राहत असोत. फेस्ट म्हणजे गल्लीतला गणपती, जो आला तो आपला.

इंदुरात हे भाऊबंद ओळखणं सोपं नाही, कारण शहर एक असलं तरी विद्यापीठं अनेक आहेत. देवी अहिल्या विद्यापीठ 1964 मध्ये इंदूर विद्यापीठ म्हणून सुरू झालं आणि 1988 मध्ये त्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं. 1891 चं होळकर कॉलेज, 1887 चं ख्रिश्चन कॉलेज, गुजराती समाजाची कॉलेजं ही सगळी याच विद्यापीठाशी जोडलेली. होळकर कॉलेज स्वायत्त आहे, म्हणजे परीक्षा स्वतः घेतं, पण पदवी विद्यापीठाची. एसजीएसआयटीएस 1952 चं, तेही स्वायत्त, पण त्याचं नातं भोपाळच्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विद्यापीठाशी. एमजीएम मेडिकल कॉलेज जबलपूरच्या वैद्यकीय विद्यापीठाखाली येतं. शेतकी कॉलेज भर इंदुरात असूनही ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाचं. त्या मुलांसाठी तर कृषी विद्यापीठांचा वेगळा अखिल भारतीय युवक महोत्सव असतो. राऊचं आयआयएम आणि सिमरोलचं आयआयटी कुणाशीच जोडलेली नाहीत, ती स्वतःच पदवी देतात.

म्हणून भंवरकुआं चौकात उभं राहून चारी दिशांना दिसणारी कॉलेजं मोजली, तरी त्यातली कोणती युवा उत्सवात आपल्याबरोबर आहेत, हे पाटीवरून कळत नाही. ते संलग्नतेवरून, म्हणजे कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी जोडलेलं आहे यावरून, कळतं. आणि संलग्नता बदलतेही. वर्षानुवर्षं बुऱ्हाणपूर, खंडवा, बडवानीची मुलं इंदुरात येऊन उत्सवात भाग घेत होती. बुऱ्हाणपूरच्या मराठी घरांतल्या मुली इकडे अभंग गायला येत. 2024 मध्ये खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झालं आणि निमाडातल्या कॉलेजांची वाट तिकडे वळली. इंदूर ते बुऱ्हाणपूर अंतर तेवढंच आहे, नातं मात्र वेगळं झालं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण निमाडाच्या गणगौर नृत्याचे संघ आले की आमच्या मालव्याच्या मुलांना लोकनृत्य म्हणजे काय, हे डोळ्यांनी बघायला मिळायचं.

युवा उत्सवाची चढण पायरीपायरीची आहे. आधी कॉलेजातच निवड होते, मग जिल्ह्यातल्या कॉलेजांमध्ये, मग विद्यापीठ पातळीवर. तिथून एक वाट राज्यस्तरावर जाते आणि दुसरी भारतीय विश्वविद्यालय संघाच्या, म्हणजे एआययूच्या, विभागीय आणि राष्ट्रीय महोत्सवाकडे. हा संघ 1925 मध्ये आंतर-विद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झाला आणि 1973 मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. विद्यापीठांनी मिळून युवक महोत्सव करण्याची परंपरा त्याहून वेगळ्या वाटेनं आली: दिल्लीच्या तालकटोरा बागेत 1954 मध्ये पहिला आंतर-विद्यापीठ युवक महोत्सव भरला होता. स्वातंत्र्य नवं होतं, वेगवेगळ्या प्रांतांच्या मुलांनी एकमेकांची गाणी-नाटकं बघावीत हा हेतू होता. लोकनृत्य, समूहगीत, शास्त्रीय गायन यांना आजही युवा उत्सवात एवढा मान आहे, तो याच हेतूमुळे. जुनाट म्हणून नाक मुरडणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगते.

नियमांतही तोच हेतू दिसतो. सुगम गायन घ्या. एआययूच्या नियमांत चित्रपटगीत चालत नाही. गीत, गझल, भजन, शबद, अभंग चालतात, वेळ 4 ते 6 मिनिटं आणि साथीला दोघं. आता इंदूरच्या मराठी मुलीला याहून चांगली संधी कोणती? तिनं लहानपणापासून घरच्या भजनात तुकोबांचा अभंग ऐकलेला असतो, आणि तो इथे चक्क नियमात नाव घेऊन बसलेला आहे. एकांकीचंही तसंच. 30 मिनिटं, मंचावर जास्तीत जास्त 9 जण, मागे 3 जण, आणि भाषा प्रादेशिक असली तरी हरकत नाही, फक्त गोषवारा हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. म्हणजे मराठी एकांकी नेता येते. वाद-विवाद आणि वक्तृत्व मात्र हिंदी-इंग्रजीतच. मूक अभिनयाला 6 जण आणि 5 मिनिटं, स्किटला 6 जण आणि 10 मिनिटं.

या मिनिटांवर मी थोडी रेंगाळते, कारण बहुतेक संघ तिथेच मार खातात. एकांकीत घड्याळ पहिल्या संवादाला सुरू होत नाही. संघानं इशारा दिला किंवा स्वतःची ओळख करून द्यायला सुरुवात केली, की काटा धावायला लागतो. हिशेब रिकाम्या मंचापासून रिकाम्या मंचापर्यंतचा असतो. तालमीत 28 मिनिटांची बसवलेली एकांकी प्रेक्षकांच्या हशा-टाळ्यांनी सहज दोन-तीन मिनिटं लांबते, आणि शेवटचा प्रसंग घाईत उरकावा लागतो. जो शेवट बसवायला महिनाभर घालवला, तोच धावत म्हणायचा! म्हणून तालीम 26 मिनिटांतच संपवायची. तबला आधीच पेटीच्या सुरात लावून ठेवायचा. मंचावर बसल्यावर हातोडीनं ठोकत बसलेला तबलजी आपल्याच गायिकेचा आवाज थंड करतो.

फेस्टचं घड्याळ वेगळं. तिथे सगळं मुलांच्या समितीच्या हातात असतं. प्रायोजक कोण आणायचा, पाहुणा कलाकार कोण, प्रवेश फी किती, बक्षीस किती, हे तीच ठरवतात. नियम दर वर्षी बदलतात, वेळापत्रक तर त्याच दिवशीही बदलतं. बॅटल ऑफ बँड्स, ट्रेझर हंट, रोबो रेस, फॅशन शो, बिझनेस क्विझ असे प्रकार तिथेच रंगतात. आयआयएमच्या ‘आयरिस’मध्ये व्यवस्थापनाच्या स्पर्धा आणि सांस्कृतिक कार्यक्रम शेजारी शेजारी चालतात. मुलगा वीस वर्षांचा असताना लाखांचा हिशेब सांभाळायला शिकतो, दुकानादुकानात जाऊन प्रायोजक मागतो, ऐन वेळी साउंडवाल्याशी वाटाघाट करतो. या शिकण्याला मी फार मानते. युवा उत्सवात हे काम प्राध्यापक आणि कारकून करतात, त्यामुळे मुलं कलाकार होतात, आयोजक होत नाहीत. फेस्टला नाव नोंदवायला बहुतेक ठिकाणी कॉलेजचं ओळखपत्र पुरतं, आणि कोणत्या विद्यापीठाचे हे कुणी विचारत नाही. म्हणूनच शेतकी कॉलेजचा गिटारवाला आणि मेडिकलची ड्रमर एकमेकांना पहिल्यांदा भेटतात ते फेस्टमध्येच.

आमच्या इमारतीतली एक मुलगी गेल्या हंगामात माझ्याकडे आली होती. तोंड उतरलेलं.

“काकू, सरांनी यादीत माझं नाव घेतलंच नाही. मी स्वतःच विद्यापीठात जाऊन फॉर्म भरू का? फेस्टला तर मी ऑनलाइन भरला होता.”

“नाही गं, इथे तसं चालत नाही,” मी म्हटलं. “तुझं नाव कॉलेजच्या सहीशिक्क्यानंच जातं. प्रत्येक विधेत, म्हणजे स्पर्धेच्या प्रकारात, कॉलेजाची एकच प्रवेशिका. निवड झाली का, कधी झाली, कुणी केली, हे आधी सांस्कृतिक प्रभारी मॅडमना विचार.”

विचारल्यावर कळलं, निवड झालीच नव्हती. मागच्या वर्षीचीच नावं पुढे ढकलली होती. हा प्रकार बऱ्याच कॉलेजांत होतो आणि मला तो सर्वांत जास्त खटकतो. कॉलेज जर मुलांना पाठवणारं असेल, तर आधी सगळ्यांचं ऐकून घेणं हे त्याचं पहिलं काम आहे. सूचनाफलकावर तारीख लागली पाहिजे, बाहेरचा एखादा परीक्षक बसला पाहिजे. त्या मुलीनं मैत्रिणींना जमवून प्राचार्यांना लेखी अर्ज दिला, आणि त्यावर निवड चाचणी झाली. युवा उत्सवात तक्रारीची वाट असते: आधी प्रभारी, मग प्राचार्य, आणि त्यांच्या वर विद्यापीठाचा छात्र कल्याण विभाग. फेस्टमध्ये निकाल पटला नाही तर समितीतल्या मुलांशीच बोलायचं, तेही त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी मांडव उतरलेला असतो.

पात्रतेचंही लक्षात ठेवा. एआययूकडे जाणारा कलाकार नियमित विद्यार्थी असावा लागतो आणि 25 वर्षांच्या आतला. खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देणाऱ्यांना तिथे जागा नाही. बोनाफाईड, दहावीची गुणपत्रिका, फोटो ही कागदपत्रं आधीच एका फाइलीत ठेवावीत. चांगला कलाकार कागदापायी बाहेर बसलेला बघवत नाही.

आणखी दोन-तीन नावांची यात भेसळ होते. 12 जानेवारीच्या, म्हणजे विवेकानंद जयंतीच्या, सुमारास केंद्र सरकारचा राष्ट्रीय युवा महोत्सव भरतो. तो 1995 पासून होतो, 2025 पासून ‘विकसित भारत यंग लीडर्स डायलॉग’ या नव्या रूपात, आणि त्यात कॉलेजबाहेरचे तरुणही असतात, त्यामुळे तो विद्यापीठांचा महोत्सव नव्हे. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून सुरू आहे. संघ कॉलेजांचेच, पण स्पर्धा महाराष्ट्रीय कलोपासक या नाट्यसंस्थेची. म्हणून तो ना युवा उत्सव, ना फेस्ट. आणि ज्यांची भावंडं बडोद्याला शिकतात त्यांच्यासाठी: 1949 च्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बहुतेक शिक्षण विद्यापीठाच्या स्वतःच्या फॅकल्टींमध्येच चालतं. तिथल्या युवक महोत्सवात चुरस कॉलेजांची नसते, फॅकल्टी-फॅकल्टींची असते. तिकडच्या मावसभावाचे नियम इकडे लागू होत नाहीत.

मग मुलानं कुठे जावं? शास्त्रीय गायन, वादन, एकांकी, लोकनृत्य, चित्रकला यांत ज्याची काही वर्षांची तयारी आहे, त्यानं युवा उत्सव अजिबात सोडू नये. तिथले परीक्षक बहुधा त्या कलेतले जाणकार असतात, प्रमाणपत्रावर विद्यापीठाचं नाव असतं, आणि वर जाण्याची वाट आहे. ज्याला बँड करायचाय, स्वतःची गाणी म्हणायची आहेत, चार कॉलेजांतले मित्र जोडायचे आहेत किंवा कार्यक्रम उभा करायला शिकायचंय, त्याची जागा फेस्टमध्ये. दोन्ही करणारी मुलंही असतात, आणि वेळापत्रक त्यांना साथ देतं. युवा उत्सवाच्या खालच्या फेऱ्या साधारण पावसाळा सरल्यावर होतात, मोठे फेस्ट बहुतेक हिवाळ्यात आणि त्यानंतर.

प्रवेश झाला की पहिल्याच महिन्यात कॉलेजच्या कार्यालयात तीन प्रश्न विचारून ठेवा: आपलं कॉलेज कोणत्या विद्यापीठाचं, सांस्कृतिक प्रभारी कोण, आणि युवा उत्सवाची निवड चाचणी कधी. फेस्टसाठी कार्यालयात जायची गरज नाही. कॅन्टीनच्या भिंतीवर पोस्टर लागतं, आणि वरच्या वर्गातली मुलं आपणहून नावं गोळा करत फिरतात.