खर्रा, पानठेला आणि वर्गातला दोस्त

तालुक्याच्या कॉलेजातले तास दुपारी एक-दीडला संपतात आणि गावाकडची एसटी लागते चारला. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदियाकडच्या अप-डाऊन करणाऱ्या कितीतरी पोरांचा मधला वेळ स्टँडसमोरच्या पानठेल्यावर जातो. ठेलेवाला पन्नीवर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना घेतो, थोडं पाणी शिंपडतो, पन्नी दुमडतो आणि सगळं एकजीव होईपर्यंत घोटत राहतो. हाच खर्रा. पुडी हातात पडली की ती एकट्याची राहत नाही, चार हात पुढे येतात. नाही म्हणणारा भाव खातोय असं दोस्तांना वाटतं.

या पुडीतली प्रत्येक वस्तू आपापलं काम चोख करते. चुना अल्कधर्मी असतो. त्याच्यामुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरतं. किक बसते ती त्यामुळे. तंबाखूत कर्करोगकारक नायट्रोसमाइन्स असतात, हे आता बहुतेकांनी ऐकलेलं आहे. सुपारीबद्दल मात्र लोक फार गाफील आहेत. पूजेला चालते, पाहुण्यापुढे ठेवली जाते, तिच्यात काय वाईट असणार? पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन गालाच्या आतल्या पेशींना कोलॅजनचे तंतू जास्त बनवायला लावतं. सुपारीत तांबंही भरपूर असतं. ते तंतू एकमेकांत घट्ट बांधणाऱ्या एन्झाइमला जोर देतं. गाल आतून पांढरट, ताठर होत जातो, तिखट लागलं की आग होते आणि तोंड उघडेनासं होतं. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. तो विशीतल्या पोरांतही दिसतो आणि एकदा ताठरलेला गाल पूर्ववत होत नाही. घरी करून पाहण्यासारखी खूण सोपी आहे: स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांच्या मध्ये जातात का पाहायचं. जात नसतील तर दंतवैद्याकडे जायला उशीर करू नये.

विकत मिळणाऱ्या तंबाखूच्या पाकिटावर निदान चित्रातला इशारा असतो. ठेल्यावर घोटून मिळणाऱ्या पुडीवर काहीच नसतं, रबर सोडून.

मग पोरांना हे सगळं सांगायचं कसं? कॉलेजची पद्धत ठरलेली आहे. रॅली, शपथ, पाहुण्या डॉक्टरांचं भाषण, सडलेल्या जबड्यांच्या स्लाइड्स. जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी येतो, तेव्हा तर कॉलेजला सुट्टी असते. शपथ घ्यायलाही पोरं नसतात. भाषणाचा उपयोग किती होतो, हे कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच तपासलं होतं. चांगलं मांस सैन्याकडे जात होतं, म्हणून अमेरिकी गृहिणींनी काळीज, गुर्दे घरी शिजवावेत अशी सरकारची इच्छा होती. काही गटांना तज्ज्ञाने व्याख्यान दिलं. काही गटांत बायकांनी आपसात चर्चा केली, अडचणी मांडल्या आणि शेवटी कोण करून बघणार ते हात वर करून सांगितलं. व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकी ३ टक्के बायकांनी ते पदार्थ केले, चर्चेतल्या ३२ टक्के बायकांनी. प्रयोग लहान होता, पण आपल्यासारख्याच चौघींसमोर बोललेला शब्द पाळावासा वाटतो, एवढं त्यातून दिसलं.

विद्यार्थ्यांनाच शिकवून त्यांच्या सोबत्यांपर्यंत पाठवायचं, या कल्पनेची सर्वात भक्कम चाचणी इंग्लंड आणि वेल्समधल्या ५९ शाळांत झाली. २००८ मध्ये ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. बारा-तेरा वर्षांची दहा हजारांहून जास्त मुलं होती. तिथे शिक्षकांनी मदतनीस मुलं निवडली नाहीत. ‘तुम्ही कोणाचं ऐकता?’ असं मुलांनाच विचारलं आणि ज्यांची नावं जास्त आली त्यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. पुढचे दहा आठवडे या मुलांनी भाषण द्यायचं नव्हतं. बसमध्ये, डबा खाताना, खेळताना विषय निघाला तर बोलायचं, एवढंच काम. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात या शाळांतली मुलं सिगारेटकडे वळण्याची शक्यता इतर शाळांपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी भरली. आकडा डोळे दिपवणारा नाही, पण खरा आहे, आणि खर्च दोन दिवसांचा आहे.

आपल्याकडे नेमकी उलटी निवड होते. एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, कार्यक्रम अधिकारी हुशार, नियमित, सरांचं ऐकणारा पोरगा निवडतात. त्याच्या वह्या सुंदर असतात, पण ठेल्यावर त्याचं कोण ऐकणार? कबड्डीच्या टीमचा कॅप्टन, मागच्या बाकावरचा गाणं म्हणणारा, गावच्या गणपती मंडळाचा म्होरक्या, पोरांनाच विचारलं तर अशांची नावं येतात. सरांना ती पचत नाहीत. पचवावी लागतील. पोरींसाठी वेगळी निवड हवी, कारण पूर्व विदर्भात बायकांमध्ये नस आणि गुडाखू, म्हणजे दातांना घासायची तंबाखू, चालतो आणि तो घरातच घासला जातो, ठेल्यावर दिसत नाही.

प्रशिक्षणात मग शिकवायचं काय? माझ्या मते रोगांची माहिती अर्ध्या दिवसात उरकावी. उरलेला वेळ बोलायची तालीम करण्यात घालवावा. एकाने खाणारा व्हायचं, एकाने मदतनीस.

‘काहून बे, सोडतो म्हनत होता ना?’

‘सोडाचा हाय. पन सकाळी खर्रा घेतल्याबिगर पोटच साफ होत नाही.’

न शिकवलेला पोरगा इथे म्हणतो, ‘अबे, कॅन्सर होईन ना!’ आणि बोलणं संपतं. कारण समोरच्याची तक्रार खोटी नाही. निकोटिन आतड्याची हालचाल खरोखर वाढवतं, अचानक बंद केलं की बद्धकोष्ठ होतं. शिकवलेला पोरगा विचारतो, ‘बरं, न घेता किती दिवस राह्यला होता?’ ‘दोन दिस. तिसऱ्या दिवशी डोकं फिरलं, मंग घेतला.’ आता बोलायला जागा झाली. निकोटिनची ओढ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वात तीव्र असते, पुढच्या काही आठवड्यांत ती ओसरत जाते. म्हणजे हा पठ्ठ्या सर्वात कठीण चढावरून परतला होता. ‘तू हरला’ असं न म्हणता त्याच्याच तोंडून पुढचं काढणं, याला मानसशास्त्रात प्रेरक मुलाखत म्हणतात. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या रुग्णांसाठी ती मांडली. दोस्ताला ती पूर्ण येणार नाही, पण उपदेश गिळून प्रश्न विचारणं दोन दिवसांत जमतं.

त्यानंतर बेत ठरवायचा, तोही वेळ आणि जागेसकट. ब्रिटनमध्ये २४८ विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला. ज्यांना व्यायामाचे फायदे पटवून दिले, त्यातल्या ३५ टक्क्यांनी आठवड्यात एकदा तरी व्यायाम केला. काहीच न सांगितलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी. ज्यांनी फायदे ऐकून शिवाय कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार ते लिहून दिलं, त्यातल्या ९१ टक्क्यांनी केला. एक आठवड्याचा व्यायाम आणि वर्षानुवर्षांचं व्यसन यांत फरक आहेच. तरी ‘खर्रा कमी करीन’ यापेक्षा ‘तास सुटला की वाचनालयात बसीन आणि पावणेचारला थेट गाडीवर जाईन’ हा बेत कितीतरी बरा.

आणखी एक गैरसमज काढावा लागतो: ‘सगळेच खातात.’ १९८६ मध्ये पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी अमेरिकी कॉलेजात दाखवलं की इतर मुलांना दारू जितकी मान्य आहे असं विद्यार्थ्यांना वाटतं, तितकी ती मान्य नसते. खर्र्याचंही असंच. जिन्याच्या कोपऱ्यात थुंकलेलं दिसतं, न थुंकलेलं कसं दिसणार? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले १५ वर्षांवरचे २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू घेत होते. पूर्व विदर्भात प्रमाण याहून बरंच जास्त आहे, म्हणून राज्याचा आकडा इथे फेकून उपयोग नाही. आपल्याच वर्गात नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्याव्यात, मोजाव्यात आणि आकडा फळ्यावर लिहावा. तो अपेक्षेपेक्षा जास्त निघाला तर निदान कुठून सुरुवात आहे ते कळेल.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या लपवून चालणार नाही. विकसनशील देशांत एचआयव्हीसाठी सोबत्यांमार्फत शिकवण्याच्या ३० प्रयोगांचा आढावा २००९ मध्ये आला: माहिती वाढली, कंडोमचा वापर वाढला, पण लैंगिक आजार कमी झालेले दिसले नाहीत. कॅलिफोर्नियात २००७ च्या एका अभ्यासात तर ज्यांचे दोस्त नशा करणारे होते, अशा मुलांत दोस्तांमार्फतचा कार्यक्रम उलटा पडला. खाणाऱ्यांनाच एकत्र बसवलं की ते एकमेकांना किस्से ऐकवतात आणि खाणं रंगतदार वाटायला लागतं. म्हणून गट मिसळलेला हवा आणि दर पंधरवड्याला मदतनिसांना भेटणारं कोणीतरी मोठं माणूस हवं. शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. कॉलेजजवळचा ठेला तिथेच राहिला तर दोस्ताच्या शब्दाला रोज त्या ठेल्याशी झुंजावं लागेल, आणि हे काम पोरांवर टाकणं बरोबर नाही. ते प्राचार्यांनी आणि पोलिसांनी करायचं.

एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतंच. शिबिरात रस्ता झाडण्याच्या जोडीला दोन दिवस या तालमीला देता येतील. ज्याची ओढ दोस्तांच्या आवाक्याबाहेर आहे, त्याला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या मोफत राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर लावून द्यायचा, आणि जमलं तर फोन संपेपर्यंत शेजारी बसायचं. राहता राहिला कार्यक्रम अधिकाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: स्वतः खर्रा खाणाऱ्याला मदतनीस घ्यायचं का? सोडायच्या खटपटीत असेल तर मी घेईन. तिसऱ्या दिवशी डोकं कसं फिरतं, हे त्याला वाचून शिकावं लागत नाही.