सगळं चालतं, असं खोक्यावर छापलेलं असतं

२०१० च्या दिवाळीआधीची गोष्ट. इंदूरच्या जेल रोडवरच्या एका दुकानात मी ब्लू-रे प्लेअर, म्हणजे डीव्हीडीनंतर आलेल्या, जास्त स्पष्ट चित्राच्या चकत्या लावायचं यंत्र, बघायला गेलो होतो. बजेट दहा हजारांचं आणि खिशात सहा प्रश्नांची चिठ्ठी. पहिल्या पाच प्रश्नांना दुकानदाराचं एकच उत्तर होतं, "भिया, सब चलेगा इसमें." सहावा प्रश्न आईचा होता: व्हीसीडी चालेल का? त्यावर तो जरा अडखळला. पोऱ्याला हाक मारून त्याने खोकं उलटं करायला लावलं आणि मागची बारीक चिन्हं दोघांनी मिळून वाचली. ब्लू-रे, डीव्हीडी, ऑडिओ सीडी, एमपी थ्री, फोटो. व्हीसीडीचं चिन्ह कुठेच नव्हतं. "अब व्हीसीडी कौन देखता है?" म्हणत त्याने खोकं परत फळीवर सरकवलं.

आमच्याकडे बघत होते. इंदूरच्या मराठी माणसाला सानंद या संस्थेच्या कृपेने नाटकं मिळतात, पण मराठी सिनेमा इथल्या थिएटरात लागला तर लागला. त्यामुळे पुण्याला किंवा दादरला लग्नकार्याला गेलेलं माणूस परतताना बाकरवडीबरोबर दोन-चार व्हीसीडी हमखास आणायचं. मग त्या राजेंद्र नगरातून लोकमान्य नगरात, तिथून रामबागेत फिरत राहायच्या आणि कधीकधी परत मूळ घरी यायच्याही. आमच्या कप्प्यात अशा साठ-सत्तर होत्या. नवा प्लेअर कितीही चांगला असला तरी आईच्या दृष्टीने त्याची किंमत या साठ-सत्तरांवरच ठरणार होती.

स्वस्त आणि बरा ब्लू-रे प्लेअर शोधताना माझं जे डोकं उठलं, त्यातलं फार थोडं त्या दुकानदाराच्या पदरात टाकता येईल. बाकीचं कधीच ठरून गेलेलं होतं. जपानी कंपन्या आणि हॉलिवूडचे स्टुडिओ यांनी नियम लिहिले, ते त्यांच्या ओळखीची घरं डोळ्यांसमोर ठेवून.

व्हीसीडीचंच बघा. तिचं मानक १९९३ साली सोनी, फिलिप्स, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी मिळून ठरवलं. साध्या सीडीवर ७४ मिनिटांचा व्हिडिओ आणि ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र. म्हणजे हिंदी सिनेमाला दोन किंवा तीन सीड्या लागणार आणि ऐन भांडणाच्या प्रसंगात कोणीतरी उठून सीडी बदलणार. चित्र व्हीएचएसच्या कॅसेटइतपतच, पण टेप अडकायची भानगड नाही, बुरशी नाही, रिवाइंड नाही. चीन, हाँगकाँग, आग्नेय आशिया आणि आपल्याकडे ती तुफान चालली. अमेरिकेने मात्र तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिथे कॅसेटवरून लोक थेट डीव्हीडीवर गेले. म्हणूनच पुढच्या यंत्रांत व्हीसीडी चालणं ही ज्याच्या-त्याच्या मर्जीची गोष्ट राहिली. २००७ मध्ये भारतात चाळीस हजारांच्या आसपास विकायला आलेला प्लेस्टेशन ३ हा त्या काळचा सर्वांत भरवशाचा ब्लू-रे प्लेअर मानला जायचा, पण तोही व्हीसीडी घेत नसे.

डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या नोव्हेंबरात आणि अमेरिकेत १९९७ च्या मार्चमध्ये आली. आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने घरोघरी पोचली ती २००७ च्या सुमारास, मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली तेव्हा. डीव्हीडीबरोबर जगाची वाटणीही आली. अमेरिका विभाग १, युरोप आणि जपान २, आणि भारत, रशिया व आफ्रिकेचा बराचसा भाग मिळून ५. सिनेमा ज्या देशात जेव्हा लागेल तेव्हाच तिथे त्याची डिस्क विकली जावी, हा त्यामागचा स्टुडिओंचा हिशोब. आपल्या दुकानदारांनी हे कुलूप फारसं मनावर घेतलंच नाही. रिमोटवर दोन-चार आकडे दाबले की प्लेअर सगळ्या विभागांचा व्हायचा, आणि ते काम दुकानदार विकतानाच करून द्यायचा. "सब चलेगा" ही त्याची सवय तिथली. डीव्हीडीच्या जमान्यात ते खरंही होतं.

ब्लू-रेवर ती मात्रा चालेना. इथे विभाग तीनच: ए, बी आणि सी. अमेरिका आणि जपान ए मध्ये, युरोप बी मध्ये, भारत चीन-रशियाबरोबर सी मध्ये. बऱ्याच डिस्कवर विभागाचं बंधन नसतं हे खरं, पण ज्यांच्यावर असतं त्यांच्यापुढे रिमोटची युक्ती सहसा चालत नाही. हे मला आमच्या भाच्याने शिकवलं. २००९ च्या डिसेंबरात तो न्यू जर्सीहून आला, तो थँक्सगिव्हिंगच्या सेलमधला प्लेअर घेऊन. "मामा, इथल्या अर्ध्या किमतीत पडला." विमानतळावरचा अ‍ॅडाप्टर लावून त्याने मोठ्या हौसेने पिन बोर्डात खोचली. टप्प असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. मागे नखाएवढ्या अक्षरांत १२० व्होल्ट लिहिलं होतं, आपल्याकडे २३०. मेकॅनिकने पॉवर सप्लाय बदलून दिला, शिवाय एक विटेएवढा ट्रान्सफॉर्मर गळ्यात मारला. एवढं करून इथली डिस्क घातली तर विभाग जुळत नाही असा संदेश, आणि आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीतल्या डीव्हीड्याही त्याला नकोत. तो प्लेअर आता माळ्यावर आहे. ट्रान्सफॉर्मरही.

आता मूळ प्रश्न: ही यंत्रं इतकी वर्षं महाग का राहिली? त्याचं उत्तर आधी प्रकाशात शोधावं लागतं. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर लागतो, डीव्हीडीला ६५० चा लाल. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी, तितका ठिपका बारीक पाडता येतो आणि तितकी जास्त माहिती त्याच १२ सेंटीमीटरच्या चकतीवर मावते. निळसर प्रकाश देणारा टिकाऊ लेझर मात्र कोणाला जमत नव्हता. जपानमधल्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइड वापरून आधी निळा एलईडी आणि मग १९९० च्या दशकाच्या मध्यावर तसा लेझर करून दाखवला, तेव्हा वाट मोकळी झाली. (निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना विभागून मिळालं.) ब्लू-रेचा प्रकाश ४०५ नॅनोमीटरचा, खरं तर जांभळा. नावातल्या 'ब्लू'चं शेवटचं इंग्रजी अक्षर ट्रेडमार्क मिळावा म्हणून गाळलेलं आहे. देवनागरीत ही चतुराई दिसतच नाही. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी, ब्लू-रेच्या एका थरात २५. पण जुन्या डिस्कही चालायला हव्यात, म्हणून डिस्क वाचणाऱ्या एकाच डोक्यात तीन जातींचे लेझर बसवायचे. मेकॅनिक "लेन्स गेली" म्हणतो तेव्हा ब्लू-रेच्या बाबतीत खर्च का वाढतो, ते यावरून कळावं.

त्यात भाऊबंदकी. फेब्रुवारी २००२ मध्ये नऊ कंपन्यांनी ब्लू-रेची घोषणा केली; तोशिबा आणि एनईसीने एचडी डीव्हीडी नावाचं वेगळं घर मांडलं. लेझर दोघांचाही तोच. ब्लू-रेत माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो. क्षमता वाढते, पण ओरखडा लगेच नडतो, म्हणून सुरुवातीच्या डिस्क डबीत घालून विकत. पुढे कडक लेप निघाला आणि डबी गेली. एचडी डीव्हीडीत तो थर डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर आत. एका थरात १५ जीबीच मावायचे, पण डीव्हीडीचे कारखाने थोड्या फेरफाराने वापरता येत आणि सगळं स्वस्तात पडत असे. २००६ मध्ये अमेरिकेत तोशिबाचा पहिला प्लेअर ४९९ डॉलरला आला, सॅमसंगचा पहिला ब्लू-रे ९९९ डॉलरला. २००७ च्या नोव्हेंबरात एचडी डीव्हीडीचा प्लेअर अमेरिकेत १०० डॉलरच्या आत मिळू लागला होता. मग ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर या हॉलिवूडच्या स्टुडिओने आपण यापुढे एचडी सिनेमे फक्त ब्लू-रेवर काढणार असं जाहीर केलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने गाशा गुंडाळला. दोघांतला स्वस्त होता तोच गेला! माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला हे अजूनही झोंबतं, भले तो इंदुरात कधी पोचला असता की नाही कोण जाणे.

मग चिनी कारखान्यांनी डीव्हीडी प्लेअर जसा दीड-दोन हजारांवर आणला तसा ब्लू-रे का नाही आणला? कारण प्रत्येक यंत्रामागे पेटंटचे पैसे मोजावे लागत. २००९ मध्ये पॅनासोनिक, फिलिप्स आणि सोनीने एकत्रित परवान्याचा दर सांगितला तो प्लेअरमागे ९.५० डॉलर. तो सुटसुटीत व्हावा म्हणून आणलेला दर होता, तरी त्या वेळच्या भावाने साडेचारशे रुपयांच्या वर गेला.

खोक्यावर न दिसणारी आणखी एक गंमत म्हणजे प्रोफाइल. ब्लू-रेचे नियम पुरे व्हायच्या आधीच यंत्रं बाजारात आली. पहिल्या १.० प्रोफाइलच्या यंत्रांत चित्रात चित्र दाखवायची सोय नव्हती, ती १.१ मध्ये आली, आणि इंटरनेटची सोय २.० मध्ये. २.० ला १ जीबी जागा लागते, पण स्वस्त यंत्रांत ती नसे. पेन ड्राइव्ह आपला आपण आणायचा. मी पाहिलेल्या दोन खोक्यांत एक १.१ चं होतं आणि दुसरं २.० चं. दुकानदाराच्या लेखी फरक फक्त सातशे रुपयांचा.

प्रोफाइलपेक्षा जास्त छळलं ते फर्मवेअरने, म्हणजे यंत्राच्या आतल्या प्रोग्रॅमने. ब्लू-रेवरची नक्कल रोखणारी कुलपं बदलत राहतात. चाव्या फुटल्या की नव्या डिस्कवर नव्या चाव्या, आणि आपल्या यंत्राने त्या आपणहून शिकून घ्यायच्या. नवा सिनेमा आणून घातला की पडदा काळा आणि 'अपडेट करा'. आपल्याकडे तेव्हा सरकारी व्याख्येने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. शंभर एमबीची फाइल उतरवायला सगळं सुरळीत असतानाही पाऊण तासाच्या वर. अपडेट चालू असताना वीज गेली तर यंत्र कायमचं मुकं होण्याची भीती वेगळी. २०११ मध्ये शेवटी मी एक प्लेअर घेतला, तेव्हा पहिल्या अपडेटला इन्व्हर्टरची बॅटरी पाणी घालून तयार ठेवली होती आणि घरात सगळ्यांना पंखे बंद करायला लावले होते. "सत्यनारायण घातलायस की सिनेमा लावतोयस?" असं आईने विचारलंच.

दुकानात यावर उतारा म्हणून हमखास एक डबडं पुढे केलं जायचं: वर '१०८०' चा चकचकीत स्टिकर, किंमत तीन-साडेतीन हजार, नाव 'एचडी प्लेअर'. तो साधा डीव्हीडी प्लेअरच, फक्त एचडीएमआयची पिन असलेला. पाल डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, फुल एचडीचं १९२० बाय १०८०. गुणाकार करून बघा, बरोबर पाचपट येतं. म्हणजे हा प्लेअर पडद्यावरच्या दर पाच ठिपक्यांतले चार अंदाजाने भरतो.

तरीही त्या डबड्याला मी नावं ठेवणार नाही. तेव्हा परवडणारा टीव्ही म्हणजे ३२ इंची 'एचडी रेडी', १३६६ बाय ७६८ चा; ब्लू-रेचे सगळे ठिपके त्यावर मावतच नाहीत. आणि आमचा दिवाण टीव्हीपासून अकरा फुटांवर. साधारण नजरेच्या माणसाला ३२ इंची पडद्यावरचे फुल एचडीचे ठिपके वेगळे दिसायचे तर चार-सव्वाचार फुटांवर बसायला हवं. अकरा फुटांवरून डीव्हीडीच पुरेशी. हे गणित मी प्लेअर घेतल्यानंतर केलं.

ज्यांच्याकडे जुना टीव्ही आणि तीन रंगांची कंपोनंट वायर होती, त्यांची वेगळीच फसगत. नक्कल रोखणाऱ्या त्या कुलुपाच्या परवान्यात अट होती की २०१० नंतर बनणाऱ्या प्लेअरने अशा वायरीवर जुन्या टीव्हीच्याच दर्जाचं चित्र द्यायचं, आणि २०१३ नंतरच्याने त्या वायरीवर चित्र द्यायचंच नाही. म्हणजे नवा प्लेअर घेतला तर नवा टीव्ही आलाच.

पुढचं झटपट घडलं. २०१६ मध्ये ४के ब्लू-रे आला आणि त्यावर विभागाचं कुलूप ठेवलंच नाही. पण त्याच वर्षी आपल्याकडे नेटफ्लिक्स, जिओ आणि प्राइम व्हिडिओही आले. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं. मोझर बेअरचा गाशाही त्याच वर्षी गुंडाळला गेला.

आमच्याकडे टीव्हीखाली दोन पेट्या आहेत. वरची ब्लू-रे, सहसा बंदच. खालची बारा-पंधरा वर्षांची डीव्हीडी, जिचा ट्रे आई बोटाने ढकलून आत घालते आणि नाटकाची पहिली व्हीसीडी लावते. मागच्या महिन्यात टीव्ही बदलला, तर त्याला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची भोकंच नाहीत. एकच बारीक भोक आहे, त्यासाठी वेगळी वायर लागते. ती आणायला पुन्हा जेल रोडला जायचं आहे. आईने तारीखही देऊन ठेवली आहे.