काडेपेटी दाराशी, तांदूळ आत

फोंड्यात माझ्या मावसभावाचं भुसारी मालाचं घाऊक गोदाम आहे. बघताक्षणी डोळे निवावेत अशी मांडणी: साबणांची रांग वेगळी, डाळींची वेगळी, मसाले तिसरीकडे. कोणती वस्तू कुठे, हे कुणीही डोळे मिटून सांगेल. फक्त संध्याकाळी हमालांचे पाय बोलतात. बिलात तांदूळ, कापूर आणि काडेपेट्या असल्या की तिघांसाठी तीन टोकं गाठावी लागतात.

गोदामाच्या खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा बिलाप्रमाणे माल काढून जमवण्यात जातो आणि त्या कामाच्या वेळातला सुमारे अर्धा नुसता चालण्यात, असा गोदामांच्या शास्त्रातला ढोबळ अंदाज आहे. म्हणजे मजुरीचा बराच पैसा फरशी झिजवण्यात मुरतो.

यावर भावाचं उत्तर तयार होतं. ‘तांदूळ सर्वांत जास्त खपतो, तो दाराशी आणतो.’ ऐकायला बरोबर वाटतं. हिशेब करून पाहू.

समजा, दारापासून आत ओळीनं ११ खण आहेत. तांदळाला १० खण लागतात आणि दिवसाला ४० फेऱ्या पडतात. काडेपेट्यांना एकच खण आणि २० फेऱ्या. तांदूळ पुढे ठेवला तर त्याचं सरासरी अंतर साडेपाच खण, म्हणजे ४० फेऱ्यांचे २२०. शेवटच्या, अकराव्या खणातल्या काडेपेट्यांचे २० गुणिले ११, पुन्हा २२०. एकूण ४४०. आता काडेपेट्या पहिल्या खणात आणू. त्यांचे फक्त २०. तांदूळ एक खण मागे सरकला, सरासरी साडेसहा, म्हणून २६०. एकूण २८०! खण ३ मीटरचा धरला तर जाऊन-येऊन दिवसाला ९६० मीटर वाचले. वर्षाचे ३०० दिवस कामाचे धरले तर २८८ किलोमीटर. गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १०५ किलोमीटर आहे, एवढं सांगितल्यावर भाऊ गप्प झाला.

(तांदूळ नेहमी पुढच्याच खणातून काढला तर? तसं चालत नाही. जुना माल आधी काढायचा असतो, त्यामुळे पाळी दहाही खणांवर येते.)

हा नियम हेस्केट या अमेरिकन अभ्यासकानं १९६३ मध्ये मांडला. वस्तूनं अडवलेल्या जागेला तिच्या फेऱ्यांनी भागायचं. ज्याचा भागाकार लहान, ती दाराजवळ. तांदळाचा ०.२५, काडेपेटीचा ०.०५. दाराजवळचा खण म्हणजे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली मोक्याची जागा. तिथे भोपळ्यांचा ढीग घालून बसणाऱ्यापेक्षा हातभर गोणपाटावर दिवसभर गिऱ्हाईक करणारी मिरचीवालीच शोभते. अर्थात या भागाकाराला वजन कळत नाही. पोत्यांची ट्रॉली ओढणारा कुरकुरला तर त्याचं ऐकावं, आणि जड पोती खालच्याच फळीवर ठेवावीत.

दुसरा प्रश्न वाटांचा. रॅकमधल्या सरळ वाटा म्हणजे मध्य पणजीतल्या रस्त्यांसारखं काटकोनी चालणं. ३० मीटर पुढे आणि ३० मीटर बाजूला जायचं तर ६० मीटर पडतात; तिरकं गेलं तर साधारण साडेबेचाळीस. केव्हिन ग्यू आणि रसेल मेलर यांनी २००९ मध्ये माशाच्या काट्यासारखी मांडणी सुचवली: मधून तिरक्या वाटा आणि त्यांना फुटलेल्या गल्ल्या. एका फेरीत एकच पॅलेट (माल रचलेला लाकडी पाट) नेणाऱ्या गोदामात त्यानं चाल सुमारे वीस टक्क्यांनी घटते. नुस्त्याच्या, म्हणजे मासळीच्या मुलखात हा काटा रुजायला हरकत नव्हती, पण त्याला जागा जास्त लागते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मोठ्या शेडमध्ये विचार करावा. भावाच्या गाळ्यात नको. तिथे लांब रांगा मधोमध तोडून एक आडवी वाट काढली तरी पुष्कळ.

एका बिलातल्या दहा वस्तू कोणत्या क्रमानं उचलाव्यात, याचंही गणित आहे. अशा चौकोनी गोदामातला सर्वांत छोटा मार्ग नेमका काढण्याची झटपट रीत रॅटलिफ आणि रोझेन्थल यांनी १९८३ मध्येच दिली. हमाल मात्र एका गल्लीतून आत, दुसरीतून बाहेर असे नागमोडी जातात. चुकामूक होत नाही, हा त्याचा फायदा कमी लेखू नये.

भावानं खडूनं फरशीवर आकडे मांडले, काडेपेट्या, कापूर, उदबत्त्या पुढे आल्या. मग जून उजाडला. पश्चिमेचा पाऊस आत येतो म्हणून त्या बाजूचं शटर बंद झालं, सगळी ये-जा पूर्वेच्या दारानं सुरू झाली आणि सगळी अंतरं उलटली. कालचा पहिला खण आज अकरावा. पुढे चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. नेवऱ्यांसाठी रवा-मैदा, गूळ, नारळ यांच्या फेऱ्या तीन आठवड्यांत कुठच्या कुठे जातात. आता त्यानं पुढचे चार खण कायमचे कुणालाच दिलेले नाहीत. दर महिन्याला बिलं मोजून त्यांचे भाडेकरू ठरतात. साबण अजून त्याच्या लाडक्या रांगेतच आहेत.