नामसाधक व क्रियासाधक प्रत्यय (इंग्रजी)

इंग्रजी शब्दाच्या शेवटी लागून क्रियापदाचे नाम किंवा नामाचे क्रियापद करणारे प्रत्यय. मराठीतले विभक्तिप्रत्यय शब्दाचा वाक्याशी संबंध दाखवतात. हे प्रत्यय शब्दाची जातच पालटतात. मराठीत त्यांना जवळचे म्हणजे कृत् प्रत्यय : ‘लढ’चे लढाई, ‘वाग’चे वागणूक.

क्रियापदावरून नाम करणारे -अर आणि -इंग हे जुन्या इंग्रजीपासूनचे. कोल्हापूरकरांच्या कानावर ते व्याकरणाच्या तासाला नव्हे, तर उद्यमनगरात आणि शिरोली एमआयडीसीत पडतात. लेथवर टर्नर, जोडणीला फिटर, साचे भरायला मोल्डर. ‘कास्ट’ म्हणजे साच्यात ओतणे. त्याला -इंग लागले की ओतण्याची क्रिया ‘कास्टिंग’ आणि साच्यातून निघालेला लोखंडी नगही ‘कास्टिंग’च. त्यामुळे फाउंड्रीत कास्टिंग ‘होते’ही आणि टेम्पोत ‘भरले’ही जाते. ‘ग्राइंडर’ माणूसही असतो आणि यंत्रही, कारण -अर फक्त करणारा कोण ते सांगतो; तो पगार घेतो की वीज खातो, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. मराठीने हे शब्द नाम म्हणूनच उचलले. म्हणून कामगार ‘कास्टतो’ असे कुणी म्हणत नाही; तो ‘कास्टिंग करतो’.

-मेंट, -शन, -अन्स, -अल हे लॅटिनमधून, बहुतांशी फ्रेंचच्या वाटेने आले. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा लोंढा सुरू झाला आणि पुढे हे पाहुणे प्रत्यय मूळच्या इंग्रजी क्रियापदांनाही चिकटले. ‘सेटलमेंट’ हे त्याचेच उदाहरण. कोणत्या क्रियापदाला कोणता प्रत्यय, याचा पक्का नियम नाही, हीच विद्यार्थ्यांची खरी डोकेदुखी. एक खूण मात्र उपयोगी पडते : -अल सहसा शेवटच्या अवयवावर (एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, असलेल्या क्रियापदांनाच लागतो (अराइव्ह–अरायव्हल, रिफ्यूज–रिफ्यूजल). -शन लागताना मूळ शब्दही हलतो : डिसाइड–डिसिजन, एक्स्प्लेन–एक्स्प्लनेशन. ‘प्रोनाउन्स’चे नाम ‘प्रोनन्सिएशन’ होते. ते ‘प्रोनाउन्सिएशन’ असे उच्चारण्याची चूक इंग्रजी मातृभाषा असलेलेही करतात.

नामावरून क्रियापद करणारे प्रत्यय कमी आहेत. मूळचा ग्रीक -आइझ (हॉस्पिटलाइझ), लॅटिनमधला -फाय (क्लासिफाय) आणि मूळचा इंग्रजीच -अन (स्ट्रेंग्थ–स्ट्रेंग्थन). यातला -अन खरे तर विशेषणांवर जास्त रमतो. पुष्कळदा प्रत्ययाची गरजच पडत नाही. ‘वॉटर’ म्हणजे पाणी, आणि झाडांना पाणी घालणे हेही ‘वॉटर’. ‘रेकॉर्ड’मध्ये आघात पहिल्या अवयवावर असला तर नाम, दुसऱ्यावर गेला तर क्रियापद.

क्वचित गाडी उलटीही धावते. ‘एडिटर’ हा शब्द आधीचा. त्यातला शेवट -अर प्रत्ययासारखा वाटल्याने तो काढून टाकला गेला आणि ‘एडिट’ हे क्रियापद मागाहून तयार झाले.