वाचनालयाचं कार्ड आणि रविवारची स्वस्त सहल : सोलापुरात कागद कुठे अडतात

वाचनालयातून पक्ष्यांचं नाहीतर किल्ल्यांचं पुस्तक घ्यायचं, डब्यात कडक भाकरी न् शेंगाचटणी भरायची आणि पोरांना घेऊन भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, थंडीत पाहुणे पक्षी बघायला हिप्परगा तलाव, असं कुठंही जायचं. खर्च रिक्षाचा आणि चहाचा. लोक अडतात ते कार्ड काढताना.

पात्रता काही अवघड नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं असो की गल्लीतलं छोटं शासनमान्य वाचनालय, फॉर्म भरून अनामत आणि वर्गणी दिली की सभासद होता येतं, रक्कम प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. नुसता पेपर वाचायचा असेल तर मुक्तद्वार विभागात कार्ड लागत नाही.

खरी अडचण पत्त्याच्या पुराव्याची. भाड्यानं राहणाऱ्यांच्या आधारवर गावाकडचा पत्ता, लाईटबिल घरमालकाच्या नावावर, आणि काउंटरवर एकच वाक्य, "इथला पुरावा आणा". आता भाडेकरूनं इथला पुरावा आणायचा कुठून हे काही कोणी सांगत नाही. भाडेकरार, गॅसचं पुस्तक किंवा इथल्या पत्त्याचं बँक पासबुक चालेल का ते आधी विचारा, आणि काही ठिकाणी जुन्या सभासदाची सही मागतात, म्हणून ओळखीतलं कोणी सभासद असेल तर फॉर्म घरी आणून सही घेऊनच परत जा. मुलांच्या फॉर्मवर पालकाची सही लागते, पोराला एकट्याला पाठवू नका. अनामतीची पावती मात्र जपा हो, ती हरवली की पैसे परत मिळवताना अर्जावर अर्ज करावे लागतात.

दुसरं म्हणजे वेळ. बरीच वाचनालयं सकाळी आणि संध्याकाळी उघडी, मध्ये दुपारभर बंद, वर साप्ताहिक सुट्टी. रविवारी सकाळी सहलीला निघताना वाटेत कार्ड काढू म्हणणारे कुलूप बघून परत येतात. मधल्या वारी जा, आणि पुस्तक परत करायची तारीख सहलीच्या नंतरची आहे ना ते शिक्क्यावर बघून घ्या, नाहीतर दंड बसतो.

पक्ष्यांची चित्रांची जाड पुस्तकं बहुतेक संदर्भ विभागात असतात, ती घरी देत नाहीत, कितीही विनवा. विचारून मोबाईलवर चार पानांचे फोटो घ्या, बगळा, करकोचा आणि खंड्या एवढे ओळखता आले तरी पोरं तासभर तलावावरून हलत नाहीत.

किल्ला पुरातत्त्व खात्याकडे आहे. मोठ्यांना तिकीट 25 रुपये, ऑनलाइन काढलं तर 20, आणि 15 वर्षांखालच्यांना फुकट. पण चौदा वर्षांचं पोरगं बापाएवढं उंच झालेलं असतं आणि खिडकीवर वाद होतो, म्हणून जन्मतारीख असलेलं शाळेचं ओळखपत्र नाहीतर आधार ठेवाच.

सोलापूरजवळच्या नान्नजला जायचं असेल तर ते माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, 1979 पासूनचं, बागेसारखं कधीही शिरता येत नाही, वनखात्याकडे आधी चौकशी करा. आणि पोरांना माळढोक दाखवतो असं कबूल करून नेऊ नका, तो आता दिसणं फार कठीण, काळवीट मात्र दिसतात.