बीव्हरचे कातडे: एका सरळ चिरेमागचा इतिहास

बीव्हर सोलायला बसलेल्या नवख्या ट्रॅपरला, म्हणजे फरसाठी सापळे लावणाऱ्याला, पहिली सूचना मिळते ती चिरेची. पंजे सांध्यात कापून टाकायचे, शेपूट केस संपतात तिथे तोडायचे आणि हनुवटीपासून गुदद्वारापर्यंत पोटाच्या मधोमध एकच सरळ चीर द्यायची. पाय चिरायचे नाहीत. ते आतून मोकळे करून बाहीतून हात काढावा तसे ओढून घ्यायचे. मिंक किंवा मस्क्रॅट या छोट्या फरप्राण्यांचे कातडे पिशवीसारखे अखंड काढतात. बीव्हर मात्र उघडून सपाट वाळवला जातो. ही रीत समजून घ्यायची तर तीन-चारशे वर्षे मागे, टोप्यांच्या बाजारात जावे लागते.

आधी प्राण्याविषयी. मराठीत बीव्हरला कधीकधी पाणमांजर म्हणतात, ते चूक आहे. पाणमांजर म्हणजे ऊद, मासे खाणारा शिकारी. बीव्हर कृंतक आहे, म्हणजे उंदीर-घुशींच्या गटातला. झाडांच्या साली आणि कोवळ्या फांद्या खाणारा. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब आणि राठ, खाली दाट, मऊ लव. लवेच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. ओल, उष्णता आणि दाब मिळाला की तंतू एकमेकांत गुंततात आणि घट्ट नमदा तयार होतो. पावसात भिजूनही आकार न सोडणाऱ्या टोप्या या नमद्याच्या. युरोपातला बीव्हर त्यांच्यापायी जवळजवळ संपला आणि सतराव्या शतकात व्यापाऱ्यांनी उत्तर अमेरिकेचा रस्ता धरला.

त्या काळी कातड्याचे दोन प्रकार होते. सोलून, खरवडून, लगेच सपाट वाळवलेल्याला फ्रेंच व्यापारी ‘कास्तोर सेक’, म्हणजे कोरडा बीव्हर म्हणत. दुसरा ‘कास्तोर ग्रा’, तेलकट बीव्हर. उत्तर अमेरिकेतल्या क्री आणि इतर आदिवासी समाजांत कातडी आतून खरवडून तिला जनावराची मज्जा चोळत, पाच ते आठ कातडी स्नायुरज्जूंच्या दोऱ्यांनी शिवून झगा करत आणि केस आत ठेवून तो एखाद-दोन हिवाळे अंगावर वापरत. घामाने आणि घर्षणाने राठ केस गळून पडत आणि खालची लव नमद्यासाठी आयती तयार होई. म्हणजे युरोपियन टोपीवाल्याला नवीन कातड्यापेक्षा हा वापरलेला झगा अधिक मोलाचा होता. कोऱ्या कातड्याचे राठ केस वेगळे करण्याची कला तेव्हा रशियात होती, म्हणून बरीच कोरडी कातडी अर्खांगेल्स्क या रशियन बंदरामार्गे तिकडे जात. पुढे पश्चिम युरोपनेही ती कला उचलली. लवेवर पाऱ्याचे नायट्रेट लावले की कोरी लवही चांगली गुंतते, हेही हाती आले. त्या पाऱ्याने टोपी कारागिरांचे हात थरथरत, दात पडत, स्वभाव बिघडत. अमेरिकेत हा वापर थांबायला १९४१ साल उजाडले.

२ मे १६७० रोजी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने उत्तर अमेरिकेत फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीला सनद दिली. कंपनीच्या ठाण्यांवर हिशेबाचे एकक होते ‘मेड बीव्हर’: नीट तयार केलेले, हिवाळी, पूर्ण वाढीच्या बीव्हरचे एक कातडे. किटली, चाकू, बंदूक, सगळ्याची किंमत त्यातच. यातला ‘मेड’ हा शब्द खरा केला तो मुख्यतः आदिवासी बायकांनी. त्यांचे हत्यार म्हणजे मूस या मोठ्या हरणाच्या पायाच्या नळीचे हाड, टोकाला तिरके कापलेले, धारेला बारीक दात पाडलेले. कातड्याच्या कडेला भोके पाडून ते विलो झाडाच्या वाकवलेल्या फांदीच्या कड्यात चामड्याच्या वादीने विणून ताणत. म्हणून जुने बीव्हर गोल. रॉकी पर्वतात १८२५ ते १८४० दरम्यान दरवर्षी भरणाऱ्या व्यापारमेळ्यांसाठीही हेच कडे वापरले गेले. कातडी उन्हात वाळवून, केस आत घेऊन घडी घालत आणि दाबून सुमारे ४५ किलोचे गठ्ठे बांधत. एका गठ्ठ्यात साधारण साठ कातडी बसत.

आजच्या नवख्याला एक फरक माहीत असायलाच हवा: टोपीच्या काळात चामड्याला जवळपास किंमत नव्हती. टोपीवाला लव तासून घेई आणि उरलेले चामडे सरस करायला जाई. कातडे सडू नये आणि केस गळू नयेत, एवढेच पुरेसे होते. १८३०-४० च्या सुमारास रेशमी टोपी आली आणि हा बाजार बसला. विसाव्या शतकात बीव्हरचे कोट चालू लागले. राठ केस उपटून आणि लव सारखी कापून मखमलीसारखी केलेली फर विशेष खपली. कोट शिवायचा तर चामडे पातळ, मऊ आणि बिनभोकाचे हवे. खरवडण्याची आजची काटेकोर शिस्त तिथून आली.

आणि बीव्हरवर मांस-चरबी चिकटून बसते ती भलतीच. चाकूने हळूहळू, चरबी धडावरच ठेवत सोलणे हा एक मार्ग. दुसरा, भराभर सोलून नंतर दोन मुठींच्या सुरीने खरवडणे. त्यासाठी कमरेएवढा उतरता, गुळगुळीत ओंडका लागतो. कातडे केस खाली करून त्यावर टाकण्याआधी फर धुऊन, विंचरून घ्यायची. चिखलाचा एक खडा किंवा गोखरूसारखे बोंड खाली राहिले की तिथे चामडे उंचावते आणि सुरी त्या टेकाडाचा शेंडा कापून नेते; तिथे गोल भोक पडते. सुरी जवळजवळ आडवी धरायची. मान आणि पाठीवरचा चिवट पडदा धारेच्या बाजूनेच निघतो. पोटाकडे आणि पायांच्या भोकांभोवती चामडे पातळ असते, तिथे जोर आवरायचा. केसांच्या मुळांचे काळे ठिपके दिसू लागले तर आपण फार खोल गेलो. ते केस कमावताना गळतात. उलट चरबी राहिली तर ती चामड्यात मुरते, हवेने खवट होते आणि चामडे जळल्यासारखे कुजके होते. वाळल्यावर हे ओळखू येत नाही, कमावण्यासाठी पाण्यात टाकले की फाटते.

कड्याची जागा आता प्लायवुडच्या फळीने घेतली आहे आणि फरच्या लिलावांना गोलापेक्षा लांबट अंडाकृती आकार हवा असतो. फळीवर मापाच्या आकृत्या आखलेल्या असतात. केस खाली ठेवून आधी नाक आणि शेपटीचे टोक, मग दोन्ही बाजू ठोकायच्या. पुढे साधारण अडीच सेंटिमीटरवर एकेक खिळा. पायांची भोके शिवून किंवा खिळ्यांनी मिटवायची. शेवटी कातडे खिळ्यांवरून सेंटिमीटरभर वर उचलायचे, म्हणजे खाली हवा खेळते. विलोच्या कड्यात हवा दोन्ही बाजूंनी आपोआप मिळे. सपाट फळीवर ती अशी मिळवावी लागते. हे राहून गेले तर फळीकडची बाजू ओली राहून केस सुटतात. खोली १० ते १८ अंश सेल्सिअस, हवा मंद फिरती. चार-पाच दिवस ते आठवडा पुरतो. शेगडीजवळ टेकवून घाई करू नये. वरचा थर कडक होतो, आत ओल कोंडते.

लांबी आणि रुंदी इंचांत मोजून बेरीज करायची. ६५ किंवा त्याहून अधिक भरली तर ते कातडे ‘ब्लँकेट’. या शब्दावरून एक जुना गैरसमज आठवतो: हडसन्स बेच्या लोकरी ब्लँकेटवरच्या छोट्या रेषा म्हणजे बीव्हरमधली किंमत, असे सांगितले जाते. त्या रेषा ब्लँकेटच्या आकाराच्या होत्या. मापाच्या लोभाने कातडे ताणू नये. तेवढीच लव जास्त जागेत पसरते, कुशीवर विरळ दिसते आणि एका मापाचा फायदा प्रतीच्या घसरणीत जातो.

प्रत हंगामानेही ठरते. शरदातल्या कातड्याची आतली बाजू निळसर-काळी दिसते, कारण केस अजून वाढत असतात आणि रंग मुळाशी असतो. भर हिवाळ्यात ती दुधी होते. कॅनडात प्रत्येक प्रांताचा परवाना आणि हंगाम वेगळा, ऑंटारिओत तर आधी अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. हे निर्बंध उगाच आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या मोठ्या भागातून बीव्हर नाहीसा झाला होता, आणि १९२६ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताने ट्रॅपलाइनची, म्हणजे एकेका ट्रॅपरच्या सापळ्यांच्या पट्ट्याची, नोंदणी सुरू केली.

कोटांची मागणी ओसरली असली तरी काउबॉय टोपीचा उत्तम नमदा आजही बीव्हरच्या लवेचा असतो. सुरीने भोक पाडलेले, कोटाला न चालणारे कातडे टोपीवाला घेतो, कारण त्याला हवी असते फक्त लव.